कोर्स फुकट, क्रेडिटचं मात्र आधी विचारा

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला मी ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स केला. विषय होता संभाव्यता. परीक्षेची हजार रुपये फी भरली, पहाटेच्या एसटीने केंद्र गाठलं, प्रमाणपत्रही हातात आलं. ते घेऊन विभागात गेलो, तर उत्तर मिळालं, “हा कोर्स आपल्या यादीत नाही. क्रेडिट मिळणार नाही.” सत्राच्या सुरुवातीला होकार मिळाला होता, पण तोंडी.

म्हणून ज्युनिअर पोरांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’वर करता येतात. कोणते चालतील, हे मात्र तुमची संस्था ठरवते. तेव्हा परवानगी कोर्स सुरू होण्याआधी आणि कागदावर घ्या.

नाव घातलं म्हणजे परीक्षेला बसलो, असंही नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची मुदत चुकवू नका. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सात असाइनमेंटला २५ गुण आणि परीक्षेला ७५. बारापैकी उत्तम आठ असाइनमेंट धरतात. पण त्यात २५पैकी १० पडले नाहीत, तर परीक्षेत कितीही मिळवा, प्रमाणपत्र मिळत नाही.

खरी अडचण एकट्याने शिकण्याची. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सांना २०१७-१८मध्ये नाव घातलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्क्यांनी ते पूर्ण केले. मला याचं नवल वाटत नाही. बेझच्या प्रमेयाचा व्हिडिओ मी कितीदा मागे घेतला, तरी डोक्यात शिरेना. शेवटी होस्टेलच्या गच्चीवर एका मित्राने वहीत हजार माणसं मांडली. त्यांतली दहा आजारी. चाचणी त्यांतल्या नऊ जणांना पकडते. पण उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांनाही ती आजारी ठरवते. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणांत खरे आजारी नऊच, बारांत एक! त्या रात्री प्रमेय कळलं ते कायमचं. व्याख्याते उत्तमच होते. पण “इथे अडलंय” हे त्यांना सांगायची सोय व्हिडिओत नव्हती, आणि चर्चेच्या पानावर इंग्रजीत शंका लिहायला आमची बोटं अडखळायची.

तेव्हा एकटे बसू नका. त्याच कोर्सचे तीन-चार जण जमवा आणि आठवड्याचा एक वार ठरवा. रेंज नसेल तर व्हिडिओ कॉलेजात उतरवून घ्या. एनपीटीईएलच्या काही कोर्सांचे मराठी अनुवादही मिळतात, तेही बघून ठेवा.

आणि प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे. कोर्स जुलै आणि जानेवारीत सुरू होतात. मान्य कोर्सांची यादी त्याआधी फलकावर लावा, आठवड्यातून एक संध्याकाळ संगणक कक्ष उघडा ठेवा आणि त्या वेळी पोरांच्या शंका ऐकायला कुणीतरी तिथे बसा.