साठ हजारांचा कॉम्प्युटर पंच्याण्णव हजारांना कसा पडतो? – खरेदीतून गणिताचा एक पाठ



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटायच्या वेळी एक जोडपं आणि त्यांची मुलगी मला भेटायला आली. मुलगी आमच्याच शाळेची, दहावीला माझ्या वर्गात होती. सिव्हिलचा डिप्लोमा करून आता ती घरांचे नकाशे काढते. लोणावळा-खंडाळ्याकडे बंगल्यांची कामं कायम चालू असतात, त्यामुळे दोन कॉन्ट्रॅक्टर तिला काम देतात. आजवर ती संध्याकाळी एका ऑफिसातल्या मशीनवर बसून काम करायची. आता स्वतःचं मशीन हवं होतं.

वडिलांचं चिक्कीचं छोटं दुकान. आईने बचत गटातून ४०,००० रुपये कर्ज घेतलं होतं, घरात साठवलेले ३७,००० होते. म्हणजे हातात एकूण ७७,०००. वडिलांनी खिशातून तीन कोटेशनं काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, तुम्ही गणिताच्या. हे तिघं तीन तऱ्हेचं सांगतायत. आठ दिवस घरात नुसते वाद चाललेत. जरा बघता का?"

मी म्हटलं, "दादा, दोन दिवस द्या. दुकानांची नावं झाकून हे दहावीच्या वर्गात ठेवते. मुलंच बघतील."

दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. जीएसटी त्यातच येतो. पुस्तकातली उदाहरणं मुलं सोडवतात, पण इथे समोर खरी माणसं होती आणि कर्जाचे खरे पैसे. त्या दोन तासांत जे झालं ते तुमच्यासाठी लिहिते आहे. आकडे वर्गात हिशेब सोपा व्हावा म्हणून पूर्णांकात केले आहेत. बाजारातले भाव बदलत राहतात, रीत तीच राहते.

तीन कोटेशनं

अ) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं. सुटे भाग जोडून केलेलं नवं मशीन. आय ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड. किंमत ६०,०००. खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा'.

ब) पुण्यातलं. कंपनीचं तयार मशीन. आय ५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज, कीबोर्ड-माऊस आणि तीन वर्षं घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी. किंमत ६६,०००, जीएसटीसकट.

क) ओळखीच्या माणसाकडचं जुनं, दुरुस्त केलेलं मशीन. आय ७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटरसकट २८,०००.

वडील 'क'च्या बाजूने. "आय ७ अठ्ठावीस हजारांत मिळतोय, मग आय ५ ला दुप्पट कशाला?" मुलगी 'अ'च्या बाजूने. "पप्पा, ग्राफिक्स कार्ड नसेल तर थ्रीडी अडकणार." आई गप्प होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आणि लाईट गेली तर?"

पहिला प्रश्न: काम काय?

वर्गात पहिल्यांदा हात वर आले ते 'सर्वात भारी कोणतं' हे सांगायला. मी म्हटलं, थांबा. लग्नाचा स्वयंपाक आहे की चौघांचा, हे कळल्याशिवाय पातेलं निवडता येतं का?

मुलीला मी गेल्या महिन्यातल्या कामांची यादी लिहून आणायला सांगितली होती. एकूण १४ कामं. त्यातली १२ साधे नकाशे, म्हणजे टूडी ड्रॉइंग. थ्रीडी चित्रं फक्त २. टक्केवारी मुलांनी लगेच काढली: जवळजवळ ८६ टक्के काम साध्या नकाशांचं.

नकाशे काढताना बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येतो. तिथे कोअरची संख्या कमी कामाची, एका कोअरचा वेग जास्त कामाचा. आजकालच्या प्रोसेसरच्या आतच असलेलं ग्राफिक्स टूडीला पुरतं. वेगळं कार्ड लागतं ते थ्रीडीला. म्हणजे 'अ'मधला सर्वात महाग भाग १४ पैकी २ कामांसाठी होता.

दुसरा प्रश्न: नाव बघायचं की नंबर?

'आय ७' हे नाव ऐकून आपण भुलतो. पण त्यापुढचा नंबर वाचायला हवा. 'क'च्या मशीनवर आय ७-३७७० असं लिहिलं होतं. चार आकडी नंबरातला पहिला अंक म्हणजे पिढी. हा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, २०१२ सालचा. पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन अंक बघायचे: आय ५-१२४०० म्हणजे बारावी पिढी. (नव्या 'कोअर अल्ट्रा' नावांना हा नियम लागत नाही.) बाराव्या पिढीचा साधा आय ३ सुद्धा त्या जुन्या आय ७ च्या पुढे जातो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते साधारण आठव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर. म्हणजे 'क' घेतलं तर ज्या मशीनवर लोकांच्या घरांचे नकाशे ठेवायचे, त्याला सुरक्षेचे अपडेट नियमित मिळणार नाहीत.

याचा अर्थ जुनं मशीन टाकाऊ असा नाही. लिनक्स टाकून टायपिंग, वाचन, शाळेतला सराव यासाठी ते छान चालतं. शाळेसाठी मी स्वतः घेईन. कर्ज काढून धंदा उभा करायला मात्र नाही.

तिसरा प्रश्न: बेरीज पूर्ण झाली का?

इथे वर्ग खरा रंगला. 'अ'चे साठ हजार घरी येईपर्यंत किती होतात?

६०,००० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,८००. झाले ७०,८००. (दुकान आणि गिऱ्हाईक दोन्ही महाराष्ट्रातले, म्हणून ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा.) आता कोटेशनमध्ये जे नाही ते लिहा:

मॉनिटर ९,०००
यूपीएस ४,५००
कीबोर्ड-माऊस १,०००
विंडोजचं लायसन्स १०,०००

हे झाले २४,५००. एकूण ९५,३००! वर्गात एकदम "बाप रे" झालं. वडिलांना नंतर हा कागद दाखवला तेव्हा तेही दोन मिनिटं बोलले नाहीत.

'ब'चंही केलं. ६६,००० मध्ये मॉनिटर ९,०००, यूपीएस ४,५०० आणि आणखी ८ जीबी रॅमचे ५,००० मिळवले. ८४,५००. म्हणजे कागदावर 'अ' सहा हजारांनी स्वस्त दिसत होतं, प्रत्यक्षात ते दहा हजारांहून जास्त महाग.

ही गंमत आजची नाही. आयबीएमने १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा सुरुवातीची किंमत १,५६५ डॉलर जाहीर केली होती. त्यात मेमरी होती १६ केबी, आणि मॉनिटर नव्हता! घातांक शिकवताना हेही विचारा: आजची १६ जीबी रॅम त्या १६ केबीच्या किती पट? उत्तर २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६. मेमरी दहा लाख पटींनी वाढली, पण अपुरी किंमत मोठ्या अक्षरात छापायची सवय गेली नाही.

एक नेहमीची चूक

'ब'ची मूळ किंमत काढा म्हटलं, तर अर्ध्या वर्गाने ६६,००० मधून १८ टक्के वजा केले आणि ५४,१२० उत्तर आणलं. चूक. कर मूळ किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. म्हणून ६६,००० ला १.१८ ने भागायचं. उत्तर साधारण ५५,९३२. फरक १,८१२ रुपयांचा. पुस्तकात ही चूक झाली तर एक मार्क जातो, इथे अठराशे रुपयांचा घोळ होतो हे मुलांना चटकन पटलं.

चौथा प्रश्न: आज काय हवं, नंतर काय चालेल?

मुलांना रॅम आणि एसएसडीतला फरक मी असा सांगते: रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, एसएसडी म्हणजे फडताळ. ओटा मोठा असेल तर एका वेळी जास्त कामं काढून ठेवता येतात. फडताळात सामान कायमचं राहतं.

यातलं नंतर वाढवता येतं ते रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड. सहज बदलता येत नाही तो मदरबोर्ड. म्हणून पैसे कमी असतील तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस चांगला घ्यायचा आणि कार्डाची जागा मोकळी ठेवायची. रॅमही दोन स्लॉट मोकळे राहतील असा बोर्ड बघून घ्यायची. डीडीआर ४ च्या बोर्डात डीडीआर ५ बसत नाही, तेव्हा कोणती ते लिहून घ्या.

आणि एक सापळा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. 'अ'मध्ये नेमका तसाच होता. कार्ड काढून टाका म्हणून किंमत कमी करून घेतली असती, तर पडद्यावर काहीच दिसलं नसतं! कार्ड वगळायचं तर 'एफ' नसलेला प्रोसेसर मागायचा.

रॅमच्या भावाबद्दलही वडिलांची तक्रार होती: "कोटेशनवर तीनच दिवस लिहिलेत, घाई करायला लावतायत." यावेळी दुकानदाराचं खरं होतं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅमचे भाव जगभर चढले होते. प्रत्येक वेळी समोरचा फसवतोच असं नाही, हेही मुलांना कळायला हवं.

आईंचा प्रश्न

'लाईट गेली तर?' हा प्रश्न तिन्ही कोटेशनांत कुठेच नव्हता. लोणावळ्यात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस. जुलैमध्ये वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि न साठवलेला नकाशा तिच्याबरोबर जातो.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं. त्याला ०.६ ने गुणलं की ३६० वॅट. कार्ड नसलेलं मशीन आणि मॉनिटर त्यात आरामात बसतात. फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. पुढे कार्ड घातलं तर यूपीएसही मोठा लागेल. आणि नकाशांची दुसरी प्रत ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क हवीच. मशीन पुन्हा विकत घेता येतं, गिऱ्हाइकाचा नकाशा नाही.

मग काय ठरलं?

'अ'च्या दुकानदाराने कार्ड वगळून, 'एफ' नसलेला प्रोसेसर घालून ३८,००० अधिक कर सांगितला, म्हणजे ४४,८४०. तशाच भागांचं मशीन मावळातल्या एका दुकानदाराने ४०,००० अधिक कर, म्हणजे ४७,२०० ला देतो म्हटलं. फरक २,३६० रुपये. मुंबईचं घ्यायला हवं होतं का? मशीन बिघडलं तर लोणावळ्याहून गाडीने दादर, तिथून ग्रँट रोड, हातात कॅबिनेट. एका फेरीत तिच्या कामाचा दिवस जातो. वर्गाने मत दिलं: जवळचं.

४७,२०० अधिक वरचे २४,५०० अधिक बाहेरची डिस्क ५,०००. एकूण ७६,७००. हातात उरले ३००.

एक खर्च यात नाही, तो मुलीला मी वेगळा सांगितला. ऑटोकॅडचं विद्यार्थ्यांचं मोफत लायसन्स पैसे घेऊन केलेल्या कामाला चालत नाही. त्याचं भाडं तिला कमाईतून द्यावं लागणार आहे, म्हणून नकाशाचा दर ठरवताना ते धरायचं. थ्रीडीसाठी ब्लेंडर मोफत आहे. थ्रीडीची कामं वाढली की कार्ड घ्यायचं, तोवर ती दोन चित्रं रात्रभर मशीनला लावून ठेवायची.

तुमच्या वर्गासाठी

१. गावातल्या दुकानांतून दोन-तीन कोटेशनं आणा, नावं झाका.
२. गटांना आधी फक्त 'काम' द्या: पंचायतीचं ऑफिस, फोटो स्टुडिओ, शाळा, नकाशे. किंमत नंतर दाखवा.
३. कोटेशनमध्ये काय नाही याची यादी करून घ्या. खरी बेरीज तिथेच सापडते.
४. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ का दिसते ते काढायला सांगा. (कंपनी १० च्या घातात मोजते, विंडोज २ च्या. दुकानदाराने चोरलेले नाहीत!)

पालकहो, मुलांसाठी मशीन घेताना 'कितीपर्यंत जायचं' याच्या आधी 'कशासाठी' हे त्यांच्याकडून लिहून घ्या. घरातले निम्मे वाद त्या कागदावरच मिटतात.

सगळे नाही मिटत. परवा वडील बाजारात भेटले. मशीन छान चालतंय म्हणाले, पोरीची दोन कामं वेळेत गेली म्हणाले. निघताना हळूच म्हणाले, "पण मॅडम, आय ७ असता ना, तर बरं झालं असतं."