उसाच्या रसाचा सिरका : पहिल्या खेपेला कोठे चुकते?



हंगाम सुरू झाला की चरकावरचा रस घरोघरी येतो. पोरेबाळे पेला-दोन पेले पितात आणि उरलेला बादलीभर रस संध्याकाळपर्यंत फेसाळतो. मग कोणीतरी बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी येतो व विचारतो, "साहेब, याचा सिरका कराचा होता जी, पण याले तर नासका वास येऊन राह्यला. काय चुकलं?"

चूक बहुतेक वेळा एकच असते. रस आंबवावा लागत नाही, तो आपोआप आंबतोच. तो कोणी आंबवावा, एवढेच ठरवणे आपल्या हाती असते. या लेखात तेवढेच समजून घेऊ.

आधी कायद्याची गोष्ट

इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेतही १९७८ च्या कायद्याने तशी मोकळीक मिळाली. आपल्याकडे तसे नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरी बिअर किंवा दारू करणे हा गुन्हा आहे. हा धडा सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा आहे. पण सिरका होण्याच्या वाटेवर रस काही दिवस अल्कोहोलच्या अवस्थेतून जातो, हे विसरू नये. तो पिण्यासाठी नाही आणि साठवण्यासाठीही नाही. हात घालण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्यावे. विकायचा असेल तर अन्न परवानाही लागतो.

रसात काय घडते?

मोहफुले भिजत घातली की दोन दिवसांत फेस येतो, हे आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. तो फेस कर्बवायूचा असतो. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव साखर खातो आणि तिचे अल्कोहोल व कर्बवायू असे जवळजवळ निम्मे-निम्मे भाग करतो. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर वेगळे जंतू हवेतील प्राणवायू घेऊन त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. तोच सिरका. बिअर पहिल्या पायरीवर थांबते, सिरका दुसरी चढतो. म्हणून नवख्या बिअरवाल्याच्या चुका आणि नवख्या सिरकेवाल्याच्या चुका निम्म्याहून जास्त सारख्याच असतात.

ही गोष्ट जगाला कळली तीही एका साखरेच्याच पिकामुळे. १८५६ साली फ्रान्समधील लील शहरात बीटाच्या रसापासून अल्कोहोल काढणाऱ्या बीगो नावाच्या कारखानदाराची पिंपे आंबट होऊ लागली. त्याने लुई पाश्चर यांना गाठले. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर चांगल्या पिंपात गोल-गोल यीस्ट दिसले आणि बिघडलेल्या पिंपात बारीक काड्यांसारखे दुसरेच जंतू. रस एकच, पण पाहुणे वेगळे. पुढे त्यांनी १८६८ मध्ये सिरक्यावर आणि १८७६ मध्ये बिअरवर पुस्तके लिहिली. दीडशे वर्षांनंतरही आपल्या बरणीतील भांडण तेच आहे.

रीत (१० लिटर रसासाठी)

१. ऊस त्याच दिवशी तोडलेला असावा. धुऊन, सडका भाग काढून रस काढावा व दुहेरी फडक्यातून गाळावा.

२. रस उकळून दहा मिनिटे तापवावा. गुऱ्हाळात काढतात तशी वरची मळी काढावी. झाकून कोमट होईपर्यंत निववावा.

३. पाव तयार करतात ते कोरडे यीस्ट लहान चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास, अर्धा पेला कोमट पाण्यात चमचाभर रसासह भिजवावे. पंधरा मिनिटांत फेस आला तर ते जिवंत आहे. न आल्यास दुसरे आणावे.

४. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत तीन चतुर्थांश रस भरून यीस्ट मिसळावे. तोंडाला स्वच्छ फडके बांधावे किंवा झाकण सैल ठेवावे.

५. पाच ते आठ दिवसांत बुडबुडे थांबतात, गाळ खाली बसतो आणि गोडी जाते. ब्रिक्सचा तरंगमापक असेल तर तीन दिवस लागोपाठ आकडा तोच दिसला पाहिजे.

६. वरचे निवळ पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत ओतावे. चार भागांस एक भाग चांगला, न तापवलेला जुना सिरका घालावा. जाळीदार फडके बांधून चार ते आठ आठवडे न हलवता ठेवावे.

तक्रारी आणि त्यांची कारणे

*"दोन दिवस झाले, फेसच नाही."* रस गरम असताना यीस्ट घातले असेल. पन्नास अंशांच्या पुढे ते मरते. २५ ते ३२ अंश त्याला मानवतात. पौषातल्या थंडीत ते झोपी जाते, अशा वेळी बरणी धानाच्या तणसात किंवा पोत्यात गुंडाळून ठेवावी. वैशाखात उलट करावे. बरणी पाण्याच्या टोपलीत ठेवून ओले पोते पांघरावे. घाईने दुसरे, तिसरे यीस्ट ओतत जाऊ नये. आधी हात लावून बरणी थंड आहे की गरम, ते पाहावे.

*"फेस आला, पण मधेच थांबला आणि रस गोडच राहिला."* एक तर थंडी पडली, नाहीतर गोडी वाढवायला वरून साखर किंवा गूळ घातला. आपल्या रसात १५ ते १८ ब्रिक्स असतोच, तेवढा पुरे. अल्कोहोल जास्त झाले तर पुढचे सिरक्याचे जंतूही दबतात.

*"रसाला तार सुटते, बुळबुळीत झाला."* हा शिळ्या उसाचा दोष. तोडलेल्या उसाच्या कापावर ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू शिरतात व साखरेचा डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. उकळल्याने जंतू मरतात, चिकटा जात नाही. तो रस टाकून द्यावा.

*"बरणी फुटली."* झाकण घट्ट लावले होते. कर्बवायूला वाट हवीच. काचेचे तुकडे डोळ्यांत गेले तर सिरका केवढ्याला पडेल, याचा विचार करावा.

*"सिरका होतच नाही, महिना झाला."* बहुधा बाजारातला पांढरा सिंथेटिक व्हिनेगर विरजण म्हणून घातलेला असतो. त्यात जिवंत जंतू नसतात. दही लावायला दही लागते, पांढरा रंग चालत नाही. दुसरे कारण म्हणजे भांडे गळ्यापर्यंत भरणे. या पायरीला हवा लागते.

*"वर साय आली."* साय नीट पाहावी. गुळगुळीत, जेलीसारखी असेल तर ती सिरक्याची आई, तिला हलवू नये. पांढरी, कोरडी, सुरकुतलेली असेल तर ते रानटी यीस्ट, चव बिघडवते. हिरवी, निळी, काळी, केसाळ असेल तर ती बुरशी. वरवर काढून खालचे वापरू नये, सगळे फेकावे.

*"चिलटे पडली, वास कुजका येतो."* फडके विरळ होते किंवा भांडे नीट धुतले नव्हते. धुण्याचा सोडा, मग कडकडीत पाणी, मग ऊन, एवढे पुरते. फिनेल व वासाचा साबण नको. तांबे, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम यांत सिरका कधीही ठेवू नये. आम्ल धातू खाते आणि तो आपल्या पोटात जातो.

*"चांगला झाला होता, मग पाणचट झाला."* तयार झाल्यावर तो उघडा राहिला. अल्कोहोल संपले की हेच जंतू आम्ल खाऊ लागतात. म्हणून गाळून, ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवून, बाटल्या गळ्यापर्यंत भरून बूच लावावे. पुढच्या खेपेच्या विरजणापुरता मात्र न तापवलेला बाजूला काढावा.

एक इशारा

विक्रीच्या सिरक्यात कमीत कमी ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते. जिभेला आंबट लागले म्हणजे तेवढे आहे, असे नाही. प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या मोजलेल्या द्रावणाने ते लवकर कळते. न तपासलेल्या सिरक्यावर वर्षभराचे लोणचे टाकू नये. रोजच्या कांद्या-काकडीपुरता वापरावा.

शेवटी आपल्या फडाकडे

दहा लिटर रस बिघडला तर नुकसान थोडेच. पण तार सोडणारे ते जंतू बरणीतच राहतात असे नाही. तोडून बांधावर दोन-तीन दिवस पडलेल्या उसात, उन्हात उभ्या गाडीत, पेटवलेल्या फडात हेच आंबवण चालू असते. ते आपली साखर खाते, चिकट्याने कारखान्यातला रस नीट गाळू देत नाही आणि दाणा पडू देत नाही. उतारा त्यातच घसरतो, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. तेव्हा तोडणीपासून गाळपापर्यंतचे तास मोजावेत. ताजा माल, स्वच्छ भांडे, योग्य ऊब आणि धीर हे बरणीचे चार नियम. त्यातला पहिला नियम फडालाही तितकाच लागू आहे.

ज्यांची पहिली खेप बिघडेल त्यांनी लाजू नये. बाटली फेकण्यापूर्वी रस कधी काढला, कोणत्या भांड्यात ठेवला आणि किती दिवस झाले, एवढे कागदावर लिहून ठेवावे. दुसऱ्या खेपेला तोच कागद उपयोगी पडतो.