लहान धंद्याची प्रसिद्धी आणि रोजचा अभ्यास



धंदा सुरू करणे आणि तो लोकांना माहीत होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीसाठी आज बऱ्यापैकी सोयी झालेल्या आहेत. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि 'किशोर' गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, झेरॉक्सचे यंत्र अशा कामांसाठी आपल्यातील अनेकांनी त्याचा लाभ घेतला आहे. दुसरी गोष्ट मात्र नुसत्या कर्जाने साधत नाही. गिऱ्हाईक आले नाही म्हणून हप्त्याची तारीख पुढे जात नाही, आणि मुद्दल वा व्याज ९० दिवसांपेक्षा अधिक थकले की ते खाते अनुत्पादक ठरते. त्याची नोंद कर्जदाराच्या मागे राहते व पुढचे कर्ज अवघड होऊन बसते. प्रस्तुत लेखक बँकेत कारकून असल्याने अशी खाती त्याच्या नजरेखालून नेहमी जातात. त्यातील पुष्कळ माणसांच्या हातात उत्तम कला असते. कमी पडते ते एवढेच की, ती कला चार गल्ल्यांपलीकडे कोणाला ठाऊक नसते.

मग प्रसिद्धी म्हणून काय केले जाते? फलक रंगवला जातो, व्हिजिटिंग कार्डे छापली जातात आणि त्यानंतर मोबाईलवर रोज फुलांच्या चित्रासह 'शुभ सकाळ' व खाली दुकानाचे नाव पाठवले जाते. हे वाचून कोणी ब्लाउज शिवायला येईल असे मला वाटत नाही. हल्ली ज्याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात, त्याचा अर्थ याहून वेगळा आहे. मराठीत आपण त्याला माहितीपर प्रसिद्धी म्हणू. गिऱ्हाइकाच्या उपयोगाची खरी माहिती त्याला नियमितपणे देत राहणे आणि त्यातून आपल्या कामाविषयी विश्वास निर्माण करणे, असे तिचे स्वरूप होय.

ही कल्पना परदेशातून काल-परवा आली असा समज कोणी करून घेऊ नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. लोखंडी नांगर हा त्यांचा प्रमुख माल. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती. नुसते 'आमचा नांगर घ्या' म्हणून ती जाणार नव्हती, समजूत घालणे भाग होते. १९२० साली याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे मुळात चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र लोकांना वाचावेसे वाटू लागले. पुढे त्याच्या नावातील 'खबर' गळून 'किर्लोस्कर' हे मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडेही त्याला आली. नांगर विकणाऱ्यांनी काढलेल्या पत्राने मराठी वाचकांच्या पिढ्या घडवल्या, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकात सहसा वाचायला मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, त्यांच्याकडे कारखाना होता, छापखाना होता. आमच्याकडे एक मशीन आणि एक मोबाईल आहे. रोज नवीन मजकूर आणायचा कुठून? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि रोजच्या अभ्यासाचा संबंध येथे येतो.

उदाहरणासाठी घरगुती शिलाईचे दुकान घेऊ. दिवसभरात चार बाया येतात. एक विचारते, 'ताई, मागच्या वेळचा ब्लाउज एका धुण्यात आखडला कसा?' दुसरी म्हणते, 'अस्तर लावायलाच पाहिजे का?' तिसरीला मुलीचे माप वाढणार म्हणून आत कापड जास्त सोडून हवे असते. शिवणारी बाई तोंडी उत्तर देते आणि विषय तेथेच संपतो. तो संपू द्यायचा नाही. शंभर पानी वही करावी आणि रात्री दुकान बंद करण्यापूर्वी त्या दिवशीचा एक प्रश्न, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, लिहून ठेवावा. खाली आपल्याला माहीत असलेले उत्तर लिहावे. माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी जुन्या कारागिराला विचारावे, पुस्तकात पाहावे किंवा दोन कापडांच्या तुकड्यांवर करून पाहावे.

आखडण्याचाच प्रश्न घ्या. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. वरचे कापड न आटणारे आणि आतले अस्तर सुती, तेही न भिजवता लावलेले, असे असले तर धुतल्यावर अस्तर आत ओढते आणि वरच्या कापडावर चुण्या पडतात. म्हणून अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग बेतायचे. हे शिकण्यासाठी वीतभर अस्तराचा तुकडा पट्टीने मोजून भिजवावा व वाळल्यावर पुन्हा मोजावा. मोजणीचे दोन फोटो आणि चार ओळी झाल्या की दुसऱ्या दिवशीचा मजकूर तयार. ज्या बाईचा ब्लाउज पूर्वी आखडला असेल ती हे वाचेल आणि पुढचे कापड कोणाकडे टाकायचे याचा विचार करेल.

येथे क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातलेखकाची हकिकत सांगण्यासारखी आहे. श्लिट्झ या बिअर कंपनीचे काम त्याच्याकडे आले होते. दारूचे उदाहरण या स्मरणिकेत कशाला, असे काहींना वाटेल. आपण त्यातला धडा तेवढा घ्यावा. सगळ्या कंपन्या 'आमचा माल शुद्ध' एवढेच ओरडत होत्या. हॉपकिन्स कारखाना पाहायला गेला, तेथे खोल विहिरींचे पाणी, बाटल्या धुण्याची पद्धत वगैरे पाहून त्याने विचारले, हे लोकांना का सांगत नाही? उत्तर मिळाले की, यात विशेष काय, सगळेच असे करतात. त्याने तेच जाहिरातीत सविस्तर लिहिले आणि खप वाढला. अस्तर भिजवणे प्रत्येक चांगल्या कारागिराला ठाऊक असते, पण गिऱ्हाइकाला ते सांगतो कोण?

याच हॉपकिन्सने १९२३ साली 'सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग' हे पुस्तक लिहिले. जाहिरातीतील कूपन किती परत आले हे मोजून कोणता मजकूर चालला ते ठरवण्यावर त्याचा भर होता. आपणही हे करू शकतो. दोन प्रकारची पत्रके काढावीत, एकाच्या कोपऱ्यात चांदणी व दुसऱ्याच्या कोपऱ्यात गोल छापावा, पत्रक आणणाऱ्यास पाच-दहा रुपये सूट द्यावी आणि आलेली पत्रके महिनाअखेर मोजावीत. पत्रके नसतील तर नवीन गिऱ्हाइकाला 'काय वाचून आलात?' एवढे विचारून उत्तर वहीत टिपावे. वही नसली की प्रत्येकाला आपलाच आवडता मजकूर चालला असे वाटते.

वही रोजच का, आठवड्यातून एकदा बसून का नाही? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व १८८५ साली ते प्रसिद्ध केले. शिकलेल्याचा मोठा भाग सुरुवातीच्या काही तासांतच विसरला जातो आणि अभ्यास एकदम करण्याऐवजी दिवसांत विभागून केला तर तो अधिक टिकतो, असे त्याला आढळले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे लागू आहे! सोमवारी गिऱ्हाइकाने वापरलेले नेमके शब्द रविवारपर्यंत राहत नाहीत, आणि मजकुराला जीव त्या शब्दांनीच येतो.

पोचवण्याच्या साधनांविषयी थोडेच सांगतो, कारण ती बदलत असतात. गूगलवर दुकानाची नोंद विनामूल्य होते. तीत पत्ता, वेळ व फोटो भरून ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरील ब्रॉडकास्ट ज्यांनी आपला नंबर जतन करून ठेवला आहे त्यांनाच पोचतो, तेव्हा कपडे देताना नंबर जतन करण्याची विनंती करावी. गिऱ्हाईक बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय टाकू नये.

एक सावधगिरी अधिक महत्त्वाची. मसाले, लोणची, काढे विकणाऱ्या घरगुती उद्योगांत 'मधुमेह बरा होतो' अशी वाक्ये सर्रास लिहिली जातात. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ५० हजारांच्या कर्जावर उभ्या असलेल्या घराला हे झेपणारे नाही.

आपल्या अनेक घरांत आई शिवते आणि मुलगी कॉलेजात शिकते. आईकडे वीस वर्षांचे ज्ञान आहे, मुलीकडे लिहिण्याचा हात आहे आणि दोघींचे बोलणे स्वयंपाकघरात होतच असते. वही मुलीने लिहावी, उत्तर आईने सांगावे. पाठवण्यापूर्वी मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवावा आणि 'असं कुठं असतं?' असे ती ज्या वाक्यावर म्हणेल ते वाक्य खोडून टाकावे.