जुनी प्रणाली, नवी प्रणाली आणि आजीची गाणी

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. हे काम विज्ञान शाखेचे, असे आपण गृहीत धरतो. परंतु संगणकात काय साठवलेले असते? पत्रे, फोटो, टिपणे, गाणी. म्हणजे सारा आपल्याच विषयाचा माल! जुन्या संगणकाची कार्यप्रणाली बदलताना हा माल सुखरूप कसा ठेवावा, हे मी स्वतः केलेल्या चुकांसह येथे सांगणार आहे. गुरुजनांनी उणे-अधिक समजून घ्यावे.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे मामा धुळ्याला लग्नपत्रिका व बिलबुके टाइप करून देण्याचे छोटे दुकान चालवतात. त्यांनी नवा संगणक घेतला तेव्हा जुना मला दिला. त्यात 'आजी' नावाचा एक फोल्डर होता. आजीला लिहिता-वाचता येत नाही. दुकान नवे असताना, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी मामा तिला शेजारी बसवून घेत आणि ती म्हणेल तशी अहिराणी गाणी टाइप करीत. कानबाईची, गुलाबाईची, हळदीची अशी एकूण ४३ गाणी त्या फोल्डरमध्ये होती.

या गाण्यांचे मोल खानदेशातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांचे पुत्र सोपानदेव व घरातील माणसांनी गाणी लिहून ठेवली, म्हणून १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव मिरवते आहे. लिहून घेणारे घरात नसते तर? माझी आजी काही बहिणाबाई नव्हे. पण तिच्या गाण्यांना लिहून घेणारा मिळाला होता, एवढे खरे.

आता प्रणाली का बदलायची ते पाहू. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, फाइल जागेवर ठेवणे, हवी तेव्हा काढून देणे ही सारी त्याची कामे. माझ्या संगणकात २००९ साली आलेली 'विंडोज ७' होती. तिला कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. पुढच्या 'विंडोज १०'चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुरुस्ती थांबली म्हणून यंत्र बंद पडत नाही. पण कुंपणाला पडलेले भगदाड बुजवणारा कोणी उरत नाही. शिवाय नवे ब्राउझर जुन्या प्रणालीवर चालेनासे होतात, आणि परीक्षेचा अर्ज भरायला पुन्हा बाहेर पैसे मोजावे लागतात. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. ती माझ्या यंत्रात नव्हती. तेव्हा मी लिनक्सकडे वळले. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. तो विनामूल्य आहे. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनेही त्याच्यावर आधारलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली तयार केली आहे. मी 'मिंट' हा प्रकार निवडला.

मनात धाकधूक होती. मामांचा याआधीचा संगणक एका कारागिराने 'फॉरमॅट' करून दिला होता. त्याने विचारले नाही, मामांनी सांगितले नाही, आणि आजोबांचा एकुलता एक फोटो त्यात गेला. म्हणून मी कामाची क्रमवारी आधी वहीत लिहिली. ती अशी :

पहिली पायरी, यादी. आपला माल कोठे कोठे आहे ते लिहून काढावे. तो केवळ 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसतो. डेस्कटॉपवर, 'डाउनलोड्स'मध्ये आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्येही असतो. ब्राउझरमधील खुणा आणि पासवर्ड वेगळे काढून घ्यावे लागतात.

दुसरी पायरी, दोन प्रती. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी अन्य ठिकाणी, म्हणजे पेन ड्राइव्हवर किंवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. एकाच यंत्राच्या सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर नकल केली तर ती प्रत धरू नये. घर जळाले तर दोन्ही खोल्या जळतात. आणखी एक गोष्ट : पेन ड्राइव्ह जुन्या 'फॅट ३२' पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाचे व्हिडिओ याच ठिकाणी अडतात.

तिसरी पायरी, पडताळणी. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

चौथी पायरी, चाचणी. नवी प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून, यंत्रातील काहीही न पुसता ती तेथूनच चालवून पाहता येते. कळफलक, आवाज, वायफाय ठीक आहेत ना, हे आधीच कळते.

पाचवी पायरी, स्थापना. येथे डिस्क पुसण्याची परवानगी मागितली जाते. त्यापूर्वी बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवावी. नाहीतर घाईत तीच पुसली जायची.

सहावी पायरी, माल परत भरणे. त्यानंतरही जुनी प्रत निदान सहा महिने मोडू नये.

सारे क्रमाने पार पडले. दोन तासांत नवी प्रणाली सुरू झाली, फोटो आले, माझी टिपणे आली. मोठ्या उत्साहाने मी 'आजी' फोल्डर उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चिन्हे यांची खिचडी! ४३ फाइली, पण एक ओळ वाचता येईना. आजी त्या वेळी आमच्याकडेच होती. तिने विचारले, "मन्हा गाना शेतस ना व माय?" मी "हो" म्हटले. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

चूक माझीच होती. तिसऱ्या पायरीला मी फोटो उघडून पाहिले. गाण्यांच्या फाइली मात्र नुसत्या मोजल्या. ४३ भरल्या म्हणून समाधान मानले.

हे का घडले? संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५. मराठीसाठी सर्वमान्य क्रमांक रुळण्यापूर्वी प्रत्येक जुन्या फॉन्टने आपापली सोय केली : क्रमांक इंग्रजी अक्षराचा, चित्र मात्र मराठीचे. तो फॉन्ट यंत्रात असेपर्यंत मराठी दिसते. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने ही अडचण सोडवली. त्यात देवनागरीला १२८ घरे स्वतंत्र दिली आहेत. 'क'चा क्रमांक २३२५, तो साऱ्या जगात तोच. मामांनी गाणी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती, आणि फॉन्ट ही यंत्राची वस्तू, आपली नव्हे, असे समजून मी ती पुसून टाकली होती.

या ठिकाणी मला धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आठवले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदांचे बळ मोठे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९२६ साली धुळ्यातच त्यांचे निधन झाले; त्यांच्या नावाचे मंडळ तेथे उभे आहे. तेथील मोडी कागद मी पाहिले तेव्हा मला एक शब्दही वाचता आला नव्हता. भाषा माझीच, मराठी! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी कचेरीत चालत होती. मग लिपीचा व्यवहार बदलला आणि दोन पिढ्यांत घरातला दस्तऐवज घरच्यांनाच परका झाला. कागद राहिला, वाचणारा गेला. मित्रहो, माझ्या ४३ फाइलींचे नेमके हेच झाले होते. वस्तू जपणे आणि वस्तू वाचता येईल अशी जपणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने धुळे गाठले. जुन्या पत्रिका लागतात म्हणून मामांनी तो फॉन्ट नव्या संगणकातही ठेवला होता. तो पेन ड्राइव्हवर आणून बसवला आणि गाणी दिसू लागली. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे तोच धोका पुढे ढकलणे. म्हणून सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला. त्यासाठी विनामूल्य साधने मिळतात, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, रफाराचे उलट. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर बसल्या, जोडाक्षरे फुटली. अहिराणीला शुद्धलेखन तपासणारे साधन माझ्याजवळ नव्हते. माझ्याजवळ आजी होती.

पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी वाचत गेले आणि ती चुका काढत गेली. ४१ गाणी तिने तोंडपाठ दुरुस्त केली. उरलेली २ मात्र ती स्वतःच विसरली होती. ऐकताना ती गप्प झाली, मग म्हणाली की ही तिच्या आईची. त्या दोन गाण्यांना मामांची फाइल हाच एक साक्षीदार होता. त्यांतील एक शब्द मला आजही लागलेला नाही. त्यापुढे प्रश्नचिन्ह करून मी तो होता तसाच ठेवला आहे. आता गाणी युनिकोडमध्ये आहेत, दोन ठिकाणी आहेत, आणि एक प्रत कागदावर छापून आजीच्या ट्रंकेत आहे.

म्हणून माझ्या वहीतील तिसरी पायरी मी सुधारून लिहिली आहे : प्रत मोजू नका, वाचा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, शाळेत, पतपेढीत असे जुने संगणक असतील आणि त्यांत जुन्या फॉन्टमधील मराठी अडकलेली असेल. प्रणाली आज ना उद्या बदलावी लागणारच. ती बदलण्यापूर्वी फाइल उघडा, फॉन्ट जपा, मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि ज्याच्या तोंडची ती गोष्ट आहे तो माणूस असेपर्यंत त्याला वाचून दाखवा.