आधी बाहेरचं पाणी

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. सोनू,



परड्यातल्या पोहण्याच्या तलावाचं ड्रॉइंग मिळालं. दादानं हे काम तुझ्यावर सोपवलं याचा मला मनापासून आनंद झाला. सुट्टीत पोरं पाण्यात उतरतील, आणि आजीच्या गुडघ्यांना जमिनीवरचं चालणं जड जातं, पाण्यातलं सोसेल. तेव्हा तलाव बांधू नको असं सांगायला हे पत्र नाही. बांधच, आणि तू आर्किटेक्ट आहेस म्हणून सुंदरही बांध. पण माझं आयुष्य पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेलं, त्यामुळे तुझ्या कागदावर माझी नजर भलत्याच ठिकाणी गेली.

वळणदार आकार, कडेला दगडी धबधबा, घसरगुंडी, बसायचा कट्टा, रंग बदलणारे दिवे, सगळं तू हौसेनं काढलंस. उभा छेद मात्र एकच आहे, आणि त्यात जमीन म्हणून तिरप्या रेषांची नुसती एक पट्टी. माझ्या मते तुझं खरं काम त्या पट्टीत आहे. तू आतल्या पाण्याचा विचार केलास. कोल्हापुरात बाहेरच्या पाण्याचा आधी करावा लागतो.

आपलं गाव तळ्यांचं. वरुणतीर्थ बुजवलं त्याचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली, रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं. गांधी मैदानात आजही पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि लोक महापालिकेला बोल लावतात. पाणी आपल्या जुन्या जागेवर येतं, एवढंच. आपली शाहूपुरी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारपेठ म्हणून वसवली. गुळाच्या अडती इथे आल्या, पेठ भरभराटीला आली, पण शेजारी जयंती नाला होता तसाच राहिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. नदी अशी फुगली की नाल्याचं पाणी पुढे जायचं थांबतं आणि मागे पेठेत पसरतं. कुंभार गल्लीतल्या लोकांनी ऐन गणपतीच्या तोंडावर मूर्ती कशा हलवल्या, ते तू पाहिलं आहेस.

आपल्या परड्यात तेव्हा पाणी आलं की नाही हा प्रश्न वेगळा. वर आलं नाही तरी खाली येतंच. जुलै-ऑगस्टमध्ये मातीतली पाण्याची पातळी चढते, आणि तुझा तलाव त्या ओल्या जमिनीत बसलेला असणार.

आता जरा हिशेब कर. तलाव २० फूट बाय १० फूट, सरासरी ४ फूट खोल धरू. आत ८०० घनफूट पाणी मावेल, म्हणजे साधारण २२,६०० लिटर, वजन साडेबावीस टन. भिंती आणि तळ ६ इंचांचे धरले तर बाहेरचं माप २१ बाय ११ बाय साडेचार फूट होतं आणि काँक्रीटचं वजन जेमतेम १७ टन भरतं. पण ही पेटी जेवढी जागा व्यापते तेवढ्या जागेतल्या पाण्याचं वजन साडेएकोणतीस टनांच्या आसपास आहे. भोवतालच्या मातीत पाणी काठापर्यंत चढलं आणि त्या वेळी तलाव रिकामा असला, तर १७ टनांच्या पेटीला २९ टनांचा रेटा खालून वर ढकलतो. काठापर्यंत चढायचीही गरज नाही, तळापासून अडीच-पावणेतीन फूट पुरे. रिकामी घागर पाण्यात दाबून धरली तर हाताला जे जाणवतं, तेच तुझ्या तळाला जाणवणार आहे. मातीची पकड आणि वरचा गिलावा थोडी मदत करतात, पण त्यांच्या भरवशावर बांधकाम करू नये.

शहराबाहेरच्या एका बंगल्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाऊस थोडा उघडल्यावर मालकांनी पाणी हिरवं झालं म्हणून तलाव उपसून स्वच्छ करायला घेतला. सकाळी एक कड वीतभर वर उचललेली, काठाच्या फरश्या सुटलेल्या, फिल्टरकडे जाणारा पाइप सांध्यात मोडलेला. तो तलाव पुन्हा खाली बसला नाही. फोडून बाहेर काढावा लागला.

म्हणून मृग लागायच्या आत परड्यात एक ट्रायल पिट खण, सात फूट खोल. काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, हे बघ. मग त्यात ६ इंची पीव्हीसी पाइप उभा करायचा, त्याला खाली भोकं पाडून जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळायचं, भोवती खडी भरायची आणि वर झाकण लावायचं. पाऊसभर दर रविवारी त्यात टेप सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. ते मी करीन. श्रावण संपेपर्यंत तुझ्या हातात या जागेची खरी माहिती येईल, आणि आरसीसी डिझायनरला तू अंदाजाऐवजी आकडा देशील. तलाव झाल्यावरही असा एक पाइप त्याच्या शेजारी कायम राहू दे. तलाव कधीही उपसायचा झाला तर आधी त्या पाइपात बघायचं. पावसाळ्यात उपसायचाच नाही. आणि पूर आला तर तलाव भरलेला ठेवायचा, गाळ नंतर काढता येतो.

तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर फूटभर काढून घे, म्हणजे त्या ओठावर बसलेल्या मातीचं वजन तलावाला धरून ठेवेल. तळाला हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह बसव. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी आत घेतो. पण तो गाळानं अडकू शकतो, तेव्हा तो आहे म्हणून निर्धास्त राहू नको.

काळ्या मातीचं वेगळं सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर जे असेल त्याला हलवते. तलावाखालची सगळी काढून टाक, मुरूम थराथरानं धुमसून घे, त्यावर सोलिंग, मग पीसीसी. खड्ड्यातून निघालेली माती भिंतींमागे परत भरायचा मोह गवंड्याला होतोच, कारण ती तिथेच पडलेली असते. तिथे उभं राहून ते थांबव.

घराच्या पायापासून अंतर किती ठेवलंस? कागदावर चार फूट दिसतं. आपलं घर कॉलमवरचं नाही, भिंतींवर उभं आहे, आणि पाया उथळ. पायाच्या तळापासून ४५ अंशांची रेघ खाली काढ. खड्डा तिच्या बाहेर राहिला पाहिजे. सहा फुटांचा खड्डा चार फुटांवर बसणार नाही. तलाव पूर्वेला सरकव, पेरूचं झाड गेलं तरी चालेल. शेजाऱ्यांच्या कंपाउंडलाही हाच नियम. खोदाई दिवाळीनंतर धर, म्हणजे मेमध्ये काम आटोपेल. उघड्या खड्ड्यावर वळीव कोसळला की कडा ढासळतात.

काँक्रीट एम ३० च्या खाली नको. पाणी धरणाऱ्या बांधकामासाठी भारतीय मानक ३३७० आहे, डिझायनरला त्यावरून कर म्हणून सांग. सळई दोन्ही बाजूंनी लागते, आतून भरलेल्या पाण्यासाठी आणि बाहेरून रेटणाऱ्या मातीसाठी. तळ आणि भिंतीचे पहिले सहा इंच एकाच वेळी ओत, सांध्यात वॉटर बार घाल. पाइप आणि दिव्यांच्या जागा आधी ठरव आणि पडल फ्लँजसकट सेंट्रिंगमध्येच बांधून घे. बरेच तलाव गळतात ते इथे. भिंत झाल्यावर कुणाला तरी आठवतं की दिवा राहिला, मग ब्रेकर चालतो, पाइपभोवती सिमेंट कोंबतात, आणि पुढं जन्मभर तिथून पाझरतं. सेंट्रिंग काढल्यावर प्रत्येक भिंत हातोडीनं वाजवत फिर. आवाज बद्द आला, खडी उघडी दिसली, तर तिथे गिलावा फासू देऊ नको. पोकळ भाग खोदून काढून ग्राउट भरून घे. त्यानंतर पाणी मारण्यात कसूर नको.

गिलावा आणि टाइल्सच्या आधी, भिंतींमागे भराव घालण्याच्याही आधी, तलाव भरून आठवडाभर ठेव. पायरीवर एक बादली ठेवायची, तिच्यात तलावाएवढ्याच पातळीचं पाणी, दोन्हींवर पेन्सिलीची खूण. ऊन दोघांना सारखंच. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला तर तेवढी गळती समजायची. भिंती बाहेरून उघड्या असतात तेव्हा ओल कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. कंत्राटदार घाई करेल, करू दे. त्याचं बिल या चाचणीनंतर द्यायचं असं दादाला मी सांगून ठेवतो.

आता पोरांचं. तळाला पाणी ओढणारं तोंड एकच दाखवलं आहेस. २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशाच एका तोंडाच्या ओढीनं तळाशी अडकून गेली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावानं तिथे कायदा झाला. आपल्याकडे कुणी विचारो न विचारो, तू तोंडं दोन ठेव, किमान तीन फूट अंतरानं आणि एकाच पाइपला जोडलेली, म्हणजे एकावर अंग टेकलं तरी दुसरं ओढ घेतं. दोन्हींवर घुमटाकार जाळ्या हव्यात. जाळी सैल झालेली दिसली तर पंप बंद, त्या दिवशी पोहणं बंद.

तलावाला चार फुटांचं कुंपण घाल. दार आपोआप मिटणारं हवं आणि कडी लहान मुलाच्या हाताला न लागणारी. तुला ते दिसायला आवडणार नाही हे मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. लहान मूल पाण्यात पडलं की ओरडतही नाही. या एका गोष्टीत मी तुझं ऐकणार नाही. वीजही अशीच. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, शिडी, कठडा आणि सळई सगळ्यांना एकत्र अर्थिंग. पॅनेल मात्र २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर, भिंतीवर. पंप जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवू नको, सेल्फ प्रायमिंग घे आणि ओट्यावर बसव.

हौसेच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. घसरगुंडी काढून टाक, तिला लागणारी खोली आपल्याला ठेवायची नाही. साडेतीन ते साडेचार फुटांत पोरं पोहायला शिकतात आणि मोठ्या माणसांना उभं राहता येतं. सूर मारायला मात्र हे पाणी उथळ आहे, तशी पाटी लाव. धबधबा छोटा चालेल, पण त्यासाठी वेगळा पंप नको. वळणदार आकार सोडून सरळ आयत घे, सेंट्रिंग स्वस्त पडतं आणि झाकण नीट बसतं. झाकण नसेल तर उन्हाळ्यात रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. जागा मिळाली तर रुंदी आठ फूट करून लांबी वाढव, म्हणजे तुला दोन हात जास्त मारता येतील. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. पोरांना तशी गोडी लागली तर त्यांना मोठ्या तलावावर घालू. परड्यातल्या पाण्यात भीती गेली तरी खूप झालं.

कट्टा मात्र ठेव, आणि पायऱ्या आहेत त्याहून रुंद कर, एका बाजूला स्टीलचा कठडा दे. आजी एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून उतरते. कट्टा आणि पायऱ्या तलावाबरोबरच ओतून घे, नंतर विटांचं जोडकाम नको. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर तुला मी लहानपणी दाखवली होती. १७१९ ते १७२४ च्या दरम्यान वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली. तिच्यातला छोटा महाल विहिरीच्या अंगातच घडवला आहे, वरून आणून बसवलेला नाही. तीनशे वर्षं तो पाण्याशेजारी उभा आहे. पुन्हा एकदा जाऊन ये, या वेळी वही घेऊन.

रोजची देखभाल कोण करणार ते आताच ठरवा. पीएच ७.२ ते ७.६, क्लोरिन १ ते ३ पीपीएम, मोजून, अंदाजानं नाही, आणि ॲसिड व क्लोरिन कधीही एकत्र ठेवायचे नाहीत. सँड फिल्टर ताशी साडेचार हजार लिटरचा घेतलास की पाच तासांत सगळं पाणी एकदा फिरतं. तुम्ही पुण्याला गेलात आणि फिल्टर महिनाभर बंद राहिला तर तिथे डासच होणार, आणि शेजारी लहान बाळ आहे. माळीबाबांच्या मुलाला मी शिकवून ठेवीन.

महापालिकेच्या परवानगीचा अर्ज भरण्याआधी पूररेषेच्या नकाशावर आपला प्लॉट तपासून घे, निळी रेषा आणि लाल रेषा दोन्ही. सिटी सर्व्हेचा उतारा माझ्याकडे आहे, उद्या फोटो पाठवतो. नवा छेद दोन बाजूंनी काढून पाठव, त्यात घराचा पाया आणि मातीचे थर दाखव. पिट खणायला माणसं या शनिवारी येतात. तू आलीस तर बरं होईल, नाही आलीस तरी काळी माती कुठे संपते तिथे टेप लावून मी फोटो काढीन.

दादाला आणि वहिनींना नमस्कार. पोरांना गोड पापा.

तुझा,
काका