भांडे आतून पाहावे

आपल्या घरात धातू किती आहेत, हे तुम्ही कधी मोजले आहे का? आज सहज मोजून पाहा. चुलीवरचा तवा लोखंडाचा. देवघरातले ताम्हण तांब्याचे. पाण्याचा हंडा पितळेचा. भाताचे पातेले जर्मलचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे. ताटे-वाट्या स्टीलच्या. न्हाणीतली बादली पत्र्याची, आणि त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा. झाले की नाही पाच-सहा धातू? सोने-चांदी तर आम्ही धरलेच नाही.

हे सारे धातू आपल्या उपयोगाचे आहेत. पण माणसांसारखा त्यांचाही स्वभाव निरनिराळा असतो. एकाचे पाण्याशी जमते, पण ताकाशी जमत नाही. दुसऱ्याचे ताकाशी जमते, पण त्याला ओल सोसत नाही. या धड्यात आम्ही मुख्यतः तांबे आणि पितळ यांच्याविषयी सांगणार आहोत. त्याला कारण आहे. मध्यंतरी ही भांडी माळ्यावर गेली होती. अलीकडे लोकांना ती पुन्हा आवडू लागली आहेत. कोणी आजीचे पातेले खाली काढतो, कोणी बाजारातून नवे आणतो. भांडी परत आली. पण दारोदार फिरणारा कल्हईवाला काही तितका परत आला नाही. खरी अडचण आहे ती इथेच.

पितळ म्हणजे काय? तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की पितळ होते. तेव्हा पितळेच्या भांड्यातही बराच भाग तांबेच असते. ते पिवळे दिसते म्हणून आपण ते विसरतो.

आता रोजची गोष्ट घ्या. काळवंडलेला हंडा घासायला आपण काय घेतो? चिंच घेतो, नाहीतर लिंबाची साल आणि मीठ घेतो. हात फिरवला की हंडा लख्ख होतो. पण चिंच नेमके करते काय? चिंचेतला आंबटपणा धातूचा वरचा काळा पापुद्रा खातो आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. हंड्याच्या बाहेर हे झाले, तर आपला फायदाच आहे. पण हीच चिंच आमटीतून भांड्याच्या आत गेली तर? तिथेही ती तेच करणार. मात्र तिथला धातू मोरीत जात नाही. तो आपल्या पोटात जातो.

चिंच, आमसूल, ताक, दही, लिंबू, टोमॅटो, लोणचे हे सारे पदार्थ धातू खाणारे आहेत. उघड्या पितळेत ताक ठेवले की ते थोड्या वेळाने हिरवट दिसते आणि तोंडात धरवत नाही. त्याला आपण ‘ताक कळकले’ म्हणतो. कळकलेले ताक प्यायले की मळमळ होते, ओकारी येते, पोटात कळ येते, कधी जुलाबही लागतात. कळकलेला पदार्थ उकळून शुद्ध होत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण उतरलेले तांबे आहे तिथेच राहते. म्हणून असा पदार्थ जनावरालाही घालू नये, फेकून द्यावा.

यावर एका वर्गात एका बाईंनी आम्हांस विचारले, “पण गुरुजी, आमच्या आजेसासूबाई जन्मभर पितळेच्या पातेल्यातच आमटी करायच्या. त्यांना कुठं काय झालं?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की आजेसासूबाईंची आमटी पितळेला लागतच नव्हती. मध्ये कल्हई होती. शिवाय लोणचे चिनी मातीच्या बरणीत, ताक मातीच्या मडक्यात आणि आंबट कालवण दगडीत ठेवायचे, हा त्या बायकांचा नेम असे. जुन्या बायकांना अडाणी म्हणणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते. पातेले पाहून कशात काय ठेवावे, हे त्यांना बरोबर कळत होते.

आता जरा नीट वाचा. ही लहान बाळाची गोष्ट आहे.

पूर्वी आपल्याकडे तान्ह्या मुलांना यकृताचा एक आजार होत असे. लोक म्हणत, ‘पोराला लिव्हर झाली.’ सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत तो जास्त दिसे. पोट मोठे होई, यकृत दगडासारखे लागे, डोळे पिवळे पडत. पुष्कळ मुले काही महिन्यांतच दगावत. काही घरांत तर एकामागून एक दोन-दोन मुले जात. लोक नशिबाला दोष देत.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी या आजाराचा छडा लावायचे ठरवले. आजारी मुलांच्या यकृतात तांबे फार साठलेले आढळत होते. ते आले कोठून? डॉक्टरांनी घराघरांतून चौकशी केली, की बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, आणि ते दूध कशात तापवले, कशात ठेवले. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू केलेले असे आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यातले असे. हे निष्कर्ष १९८३ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

तुम्ही म्हणाल, दूध तर गोड असते, मग ते धातू कसे खाते? दुधातले सत्त्व तांब्याला धरून ठेवते. दूध तापवले, तसेच ठेवले, पुन्हा तापवले, की भांड्यातले तांबे हळूहळू दुधात येते. मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकते. तान्ह्याच्या यकृताला ते नीट साधत नाही. सगळ्याच मुलांना हा आजार होत नसे. काहींची प्रकृतीच त्याला बळी पडणारी असावी, असे डॉक्टर मानतात. पण आपले मूल कोणत्या प्रकृतीचे आहे, हे आपणांस आधी कसे कळणार?

पुढे दुधाची भांडी स्टीलची झाली, आणि हा आजार फार क्वचित दिसू लागला. पण म्हणून पितळेचा स्वभाव बदललेला नाही. बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे. नंतर वरचे दूध दिले, तर ते स्टीलच्या भांड्यात तापवावे व स्टीलमध्येच ठेवावे. बाळाचे दूध पितळेत ठेवू नये. कल्हई असली तरी ठेवू नये, कारण कल्हई कोठे उडाली आहे ते रात्रीच्या वेळी कोणाला दिसते?

आता कल्हईकडे वळू. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ असे म्हणून आपण कथलाला उगीच हिणवतो. स्वयंपाकघरात मात्र कथील सोन्यापेक्षा उपयोगी आहे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कल्हईवाला आधी भांडे आतून घासून स्वच्छ करतो. मग भात्याने कोळसे फुलवून ते तापवतो. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो, तेव्हा पांढरा धूर निघतो. नवसागर धातूवरचा मळ काढतो. त्यामुळे कथील नीट चिकटते. मग तो कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवतो. बघता बघता भांडे चांदीसारखे होते. पोरे हे पाहायला गर्दी करतात. पाहू द्यावे, पण त्या धुरापासून त्यांना दूर बसवावे.

इथे एक लबाडी होऊ शकते. कथील महाग असते आणि शिसे स्वस्त असते. कोणी कथलात शिसे मिसळतो. शिसे हे विष आहे. त्याने मुलांच्या मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. म्हणून कांडी हातात मागून घ्या. ती कानाजवळ धरून हळूच वाकवा. चांगले कथील वाकताना करकर असा बारीक आवाज करते. शिसे मुकाट वाकते. कांडी पांढऱ्या कागदावर ओढून पाहा. शिसे असले तर पेन्सिलीसारखी काळसर रेघ उठते. या खुणा घरगुती आहेत, त्यांनी अगदी थोडे शिसे ओळखता येणार नाही. तरीही गिऱ्हाईक पारखून घेते, हे कळले की लबाड माणूस जरा विचार करतो. प्रामाणिक कल्हईवाल्याला मात्र त्याच्या मेहनतीचे पुरते पैसे द्यावेत. दोन रुपयांसाठी घासाघीस करून आपणच त्याला शिशाकडे ढकलतो, असे आमचे मत आहे.

कल्हई जपावी लागते. कथील २३२ अंश उष्णतेला वितळते. त्यामुळे कल्हईचे रिकामे भांडे जाळावर ठेवू नये. कडकडीत तेलाची फोडणी लोखंडी पळीत करून वरून घालावी. आतून वाळूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये. ढवळायला लाकडी डाव बरा. भांड्याच्या तळाशी तांबूस किंवा पिवळा ठिपका दिसू लागला, की कल्हईची वेळ झाली. तोवर त्यात धान्य भरा, पण आमटी करू नका. गावात कल्हईवाला येत नसेल, तर दहा-बारा घरांची भांडी एकत्र करून बाजाराच्या गावाहून त्याला बोलवावे. तेवढे काम असले की तो येतो.

तांब्याचे सगळेच वाईट, असे मात्र समजू नका. साधे पाणी तांब्यात ठेवायला हरकत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू असलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवून पाहिले, तेव्हा त्यातले जंतू मेलेले आढळले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तरी गावात साथ असेल तेव्हा पाणी उकळूनच प्यावे. तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत किंवा ताक भरून शेतावर नेऊ नये. पंचामृतही ताम्हणात तासन्‌तास राहू देऊ नये.

लोखंडाची गोष्ट उलट आहे. लोखंडी कढईत भाजी केली की थोडे लोह भाजीत उतरते, आणि ते आपल्याला हवेच असते. २०१९ ते २०२१ या काळातल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० बायकांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. कढईने हा आजार बरा होत नाही, त्याला दवाखान्याच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण कढई थोडा हातभार लावते. भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळी पडते. कढई धुऊन लगेच पुसावी आणि तेलाचा हात फिरवून ठेवावी.

जर्मलच्या भांड्यातही आंबट ठेवू नये, आणि ते धुण्याच्या सोड्याने घासू नये, सोडा त्याला खातो. भंगार वितळवून ओतलेले भांडे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. अशा काही भांड्यांतून शिसे उतरते, असे दिसून आले आहे. स्टीलविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. त्यात दूध, ताक, आमटी काहीही चालते.

राहिली पत्र्याची बादली. तिच्यावर जस्त असते, आणि आंबटात तेही विरघळते. लग्नाच्या पंगतीत भांडी कमी पडली की कोणीतरी पत्र्याच्या टपात मठ्ठा घुसळतो. मग घटकाभरात दहा-वीस माणसे ओकू लागतात, आणि लोक नजर लागली म्हणतात. पंगतीचा मठ्ठा, कढी किंवा सरबत स्टीलच्या पिंपातच करावे. तरीही असे काही घडलेच, तर वाढणे लगेच थांबवावे, आजारी माणसांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि उरलेला मठ्ठा ओतून न देता काचेच्या बाटलीत भरून डॉक्टरांना दाखवावा. तो कोणत्या भांड्यात केला होता, तेही त्यांना सांगावे.