क्रम नशिबावर सोडू नका

दिल्ली परिसरात भाषेवरचा प्रयोग ब्राउझरमध्ये चालवायचा म्हटले की हिंदी आधी की इंग्रजी, हा प्रश्न लगेच येतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तर या दोन भाषांच्या वाचनावर मेंदूचित्रणाचे अभ्यास झाले आहेत. पण जावास्क्रिप्टमध्ये प्रयोग लिहिणारे विद्यार्थी शब्द पारखून निवडतात आणि क्रम मात्र ‘रँडम’वर सोपवून मोकळे होतात. अनुभव असा, की निष्कर्ष तिथेच डळमळतो. प्रयोग लिहिण्याच्या मिनो या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ट्रायल (प्रयोगातली एक फेरी) एखाद्या संचाकडून वारसा घेते, म्हणजे त्यातल्या एका नोंदीचे गुणधर्म उचलते, तेव्हा वेगळे काही सांगितले नसेल तर, दर वेळी पूर्ण संचातून नवी चिठ्ठी निघते. २० शब्दांतून अशा २० चिठ्ठ्या काढल्या तर सरासरी ७ शब्द एकदाही दिसत नाहीत. ‘एक्सरँडम’ लिहिले की संच संपेपर्यंत एकही शब्द पुन्हा येत नाही. दोन्ही भाषांचे ब्लॉक आलटूनपालटून द्यायचे असतील, तर प्रत्येक ब्लॉक ‘रॅपर’मध्ये बांधावा, नाहीतर क्रम मिसळणारा बाहेरचा रँडम मिक्सर आतल्या ट्रायलही विस्कटून टाकतो.

यावर काही जण म्हणतात, की माणसे वाढली की सगळे आपोआप समतोल होते. हजारो माणसांच्या ऑनलाइन अभ्यासात ते बरेचसे खरे आहे. पण ४० जणांच्या प्रयोगात प्रत्येकासाठी नाणे उडवून क्रम ठरवला, तर नेमकी २०-२० विभागणी आठांतून एकदाच होते. क्रमाचा परिणामही किरकोळ नसतो. १९९८मध्ये मांडल्या गेलेल्या इम्प्लिसिट असोसिएशन चाचणीत (मनातले नकळत जोडलेले संबंध मोजणाऱ्या) शब्दगटांची कोणती जोडी आधी येते यावर गुण हलतात, म्हणूनच पुढे पाचव्या ब्लॉकमधला सराव २०वरून ४० ट्रायलपर्यंत वाढवण्याची शिफारस झाली. दुसरा आक्षेप असा, की वारसा गोंधळात टाकतो, त्यापेक्षा प्रत्येक ट्रायल हाताने लिहावी. मग वेळमर्यादा बदलताना साठ जागी हात घालावा लागतो आणि एखादी सुटतेच. वारसा जरूर वापरावा, पण एक-दोन पातळ्यांपुरताच. आणि ट्रायलमध्ये लिहिलेला गुणधर्म वरच्या गुणधर्मावर मात करतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

तेव्हा पहिला सहभागी बसण्याआधी प्रयोग अनेकदा चालवून कोणता शब्द किती वेळा आला ते मोजा, आणि प्रत्येकाला प्रत्यक्षात मिळालेला क्रम विदेसोबत साठवा. नोंदवलेला क्रम विश्लेषणात हिशेबात धरता येतो. न नोंदवलेला नंतर कुठूनही परत मिळत नाही.